आधी मूठ, मग पकड

प्रिय बेटा,

सस्नेह आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. टेनिसची नवी रॅकेट घेतेयस. दुकानदार म्हणतो, ‘वाढतं वय आहे, जाड मूठ घ्या.’ तुझ्या बॅडमिंटनच्या हाताला बारीक मूठ बरी वाटते. आणि फोनवर टेनिसपटू इगा श्वीऑनटेकचा फोरहँड (तळहाताच्या बाजूने मारायचा फटका) पाहून तू ठरवून टाकलंयस की रॅकेट धरायची तर तिच्यासारखीच. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून निवांत लिहायला बसलो.

आधी मुठीचं, म्हणजे रॅकेटच्या दांड्यावर हात धरतो त्या भागाचं, माप. घेर इंचात मोजतात, पण रॅकेटवर बऱ्याचदा नुसता आकडा असतो. ० म्हणजे ४ इंच, १ म्हणजे ४ १/८, २ म्हणजे सव्वाचार, ३ म्हणजे ४ ३/८ आणि ४ म्हणजे साडेचार. घरी पट्टी घेऊन तळहातावरच्या मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंत मोज, साधारण माप कळेल. पण माझा जास्त भरवसा दुकानात करायच्या परीक्षेवर आहे. रॅकेट उजव्या हातात सहज धर आणि बोटांची टोकं व अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्यामधल्या फटीत डाव्या हाताची तर्जनी सरकवून बघ. बोट अलगद बसलं तर माप बरोबर. बोट शिरतच नसेल तर मूठ बारीक, आणि बसूनही जागा उरत असेल तर जाड.

दोन मापांच्या मध्ये अडकलीस तर लहान घे. दुकानदाराचा सल्ला इथे उलटा आहे. बारीक मूठ वाढवता येते: एक ओव्हरग्रिप (मुठीवर चढवायची पातळ पट्टी) गुंडाळली की घेर साधारण १/१६ इंचाने वाढतो आणि आतून स्लीव्ह, म्हणजे दांड्यावरची नळीसारखी खोळ, चढवली तर जवळजवळ पूर्ण एक माप वाढतं. जाड मूठ मात्र तासून बारीक करणं आपल्या हातचं काम नाही. हात वाढेल तशी मूठ वाढवू. फक्त थरावर थर चढवत जाऊ नकोस, कारण त्याने मुठीच्या कडा बुजतात आणि त्या कडांशिवाय पुढचं काहीच जमणार नाही.

म्हणून बॅडमिंटनच्या जाडीची मूठ शोधायची, असंही नाही. शटलचं वजन जेमतेम ५ ग्रॅम, टेनिसच्या बॉलचं ५६ ते ५९.४ ग्रॅम. दहापटीहून जास्त. हा बॉल तारांच्या मधोमध न लागता थोडा कडेला लागला की रॅकेट हातात फिरते. मूठ फार बारीक असली की ते फिरणं थांबवायला तू ती आवळून धरशील आणि अर्ध्या तासात कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येईल. फार जाड असली तर हात मिटतच नाही, मनगट अडकतं आणि सर्व्हिसला त्रास होतो.

आता पकड. नवी रॅकेट आली की बॉलला हात लावण्याआधी हे कर. डाव्या हाताने रॅकेट गळ्याशी धर, फ्रेम कडेवर उभी ठेव आणि बुडाकडून मुठीकडे बघ. मुठीला आठ पैलू आहेत. सगळ्यात वरचा सपाट पैलू पहिला. तिथून उजवीकडे उतरत जा: तिरका तो दुसरा, उजवीकडचा उभा रुंद तिसरा, त्याखालचा तिरका चौथा आणि तळाचा पाचवा. तर्जनीच्या मुळाशी जो सांधा आहे, तो यातल्या कोणत्या पैलूवर टेकतो यावर पकडीचं नाव ठरतं. दुसऱ्यावर कॉन्टिनेंटल, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर वेस्टर्न. डोळे मिटून बोटाने हे पैलू ओळखायला शीक. टीव्ही बघताना, आईशी गप्पा मारताना, कधीही करता येतं.

फोरहँडसाठी तू तिसऱ्या पैलूपासून सुरुवात करावीस, असं माझं ठाम मत आहे. हा पैलू तारांना समांतर असतो, त्यामुळे तळहात जिकडे वळेल तिकडेच तारा वळतात. बॉल कुठे जाणार हे हाताला आपोआप कळतं. नवशिक्याला दुसरं काय हवं?

श्वीऑनटेकची पकड याच्या बरीच खाली, वेस्टर्नकडे झुकलेली आहे. तिथे तारांचं तोंड जमिनीकडे वळतं. म्हणून बॉल शरीराच्या बराच पुढे आणि उंचावर घ्यावा लागतो, रॅकेट खालून वर जोरात ओढावी लागते, तेव्हा तो भरपूर टॉपस्पिन (पुढच्या दिशेने गिरकी) घेऊन नेटपलीकडे जातो. पाय वेळेत पोचले नाहीत किंवा बॉल गुडघ्याखाली आला तर तो सरळ नेटमध्ये. तिची पकड वाईट आहे असं मी म्हणत नाही. याच पकडीने तिने फ्रेंच ओपन चारदा जिंकली आणि २०२५मध्ये विम्बल्डनच्या गवतावर अंतिम सामना ६-०, ६-० असा घेतला. पण त्या पकडीला लागणारे पाय आणि टायमिंग तिने लहानपणापासून कमावलंय. तू अजून बॉलच्या टप्प्याचा अंदाज घ्यायला शिकतेयस.

टप्प्याचा आणि पकडीचा संबंध जुना आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडे गवताची कोर्ट होती, बॉल खाली राहायचा, तिथे ईस्टर्न रुजली. कॅलिफोर्नियाच्या टणक कोर्टवर बॉल खांद्यापर्यंत उसळायचा, तिथे हात मुठीखाली सरकला. १९२०च्या दशकात या दोन्ही पकडी अमेरिकी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात वारंवार समोरासमोर आल्या. एकीकडे फिलाडेल्फियाचा उंचापुरा बिल टिल्डेन, ईस्टर्नवाला. दुसरीकडे सान फ्रान्सिस्कोचा लहान चणीचा बिल जॉन्स्टन, वेस्टर्नवाला. १९१९ची फायनल जॉन्स्टनने मारली, दोघांमधल्या नंतरच्या पाचही टिल्डेनने. तरी जॉन्स्टनचा फोरहँड त्या काळातल्या सर्वोत्तम फटक्यांत गणला जायचा. आपल्याकडेही आता सिंथेटिक हार्ड कोर्टच जास्त, बॉल चांगला उसळतो. म्हणून तूही पुढे चौथ्या पैलूकडे सरकशील, असा माझा अंदाज आहे. ते होऊ दे, पण रॅली टिकायला लागल्यावर आणि एका वेळी अर्धा पैलूच.

सर्व्हिसच्या बाबतीत मात्र मी अजिबात सूट देणार नाही. सर्व्हिस पहिल्या दिवसापासून कॉन्टिनेंटलनेच.

नवीन मुलं फोरहँडची पकड तशीच ठेवून सर्व्हिस करतात. तवा धरल्यासारखी रॅकेट बॉलवर थापतात. बॉल आत पडतो, म्हणून ती सवय सुटता सुटत नाही. पण त्यात रॅकेटचं तोंड सुरुवातीपासूनच नेटकडे असतं, हाताला फिरायला जागाच राहत नाही. जोर खांद्यातून ढकलावा लागतो, स्पिन येत नाही आणि दुसरी सर्व्हिस म्हणजे पहिलीचीच घाबरलेली आवृत्ती होते. कॉन्टिनेंटलमध्ये रॅकेट आधी कडेने बॉलकडे जाते आणि शेवटच्या क्षणी कोपरापासून पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरतो, तेव्हा तारा उघडतात. जोर त्या फिरण्यातून येतो.

हे फिरणं तुझ्याकडे आहे! बॅडमिंटनमध्ये डोक्यावरून स्मॅश मारतेस तेव्हा पुढचा हात असाच फिरतो. टेनिसपासून सुरुवात करणाऱ्या मुलांना जे शिकवायला महिने लागतात, ते तू आयतं घेऊन आली आहेस. तवा धरून ते वाया घालवू नकोस.

सुरुवातीला बॉल डावीकडे जाईल, कारण मोठ्या रॅकेटबरोबर हात पूर्ण फिरणार नाही. जाऊ दे. बेसलाइनवरून (कोर्टच्या मागच्या रेषेवरून) मारायची घाई नको, सर्व्हिस लाइनवर उभी राहून अर्ध्या जोराने मार आणि जमलं की दोन पावलं मागे ये. मॅचमध्ये डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणं) होतील, समोरची मुलगी तवा धरून पॉइंट घेईल आणि तुला मोह होईल. त्या दिवशी हरलीस तरी चालेल, पण पकड बदलायची नाही. घरी एक सराव कर: कॉन्टिनेंटल पकडून फ्रेमच्या कडेवर बॉल उडवत राहा. पकड थोडी जरी सरकली तरी बॉल लगेच निसटतो, कुणी सांगावं लागत नाही.

नेटजवळही हीच पकड. तिथे फोरहँड-बॅकहँडसाठी पकड बदलायला वेळच नसतो. आशियाई स्पर्धेत हांगझोऊला २०२३मध्ये आपल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. त्या सामन्यांचे व्हिडिओ मिळाले तर बॉल सोडून नेटवरच्या खेळाडूच्या हाताकडे बघ. दोन हातांच्या बॅकहँडला खालचा उजवा हात कॉन्टिनेंटल, वरचा डावा हात डाव्या बाजूचा ईस्टर्न. बाकी कोर्टवर दाखवीन.

‘एवढ्या पकडी खेळता खेळता बदलायच्या कशा?’ असं तू विचारशीलच. डाव्या हाताने. दोन फटक्यांच्या मधे डावा हात रॅकेटच्या गळ्याशी आला पाहिजे. उजवा हात सैल होतो, डावा रॅकेट फिरवतो, उजवा पुन्हा मिटतो. खांदा वळतानाच हे उरकायचं. बॅडमिंटनमध्ये तुझा डावा हात मोकळा असतो, त्यामुळे हेच तुला सगळ्यात जड जाईल, असं मला वाटतं. तर्जनी बाकीच्या बोटांपासून किंचित पुढे सरकवून ठेव, हातोडीसारखी घट्ट मूठ वळू नकोस. दहापैकी तीन-चार इतकाच जोर. फटक्याच्या क्षणी हात आपोआप आवळतो.

ओव्हरग्रिपचं लिहायचं राहिलंच. तुमच्या मुंबईच्या दमट हवेत चिकट प्रकारची ओव्हरग्रिप लवकर गुळगुळीत होते. तू कोरड्या प्रकारची घे. घाम लागला की तिची पकड वाढते. टेनिसपटू पीट सॅम्प्रास वापरायचा ती फिकट निळी याच जातीची. पांढरी ओव्हरग्रिप काळवंडली किंवा निळीचे धागे निघायला लागले की लगेच बदल, दोन महिने ओढू नकोस. बुडाकडून निमुळत्या टोकाने सुरुवात कर, ताणून, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवत वर जा आणि शेवटी सोबतची टेप लाव. नव्या ओव्हरग्रिपवर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा असू शकतो. असला तर तो आधी काढ, नाहीतर रॅकेट हातातून सटकेल.

आज रॅकेट घेशील तेव्हा १ आणि २ दोन्ही मापं हातात घेऊन बघ, तर्जनीची परीक्षा कर आणि हाताचा फोटो पाठव. पैसे त्यानंतर दे.

तुझा,
सर