दुकानाची वेबसाइट घरच्या कॉम्प्युटरवर चालवावी की होस्टिंग घ्यावं?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की चोपड्यात घरी फायबर आहे, जुना डेस्कटॉप पडून आहे, तर बियाणं-खतांच्या दुकानाची साइट त्यावरच चालवून होस्टिंगचे, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर साइट ठेवण्याच्या भाड्याचे, पैसे वाचवता येतील का. मी रावेर तालुक्यात हेच दोन वर्षं केलं. दुकानाची साइट घरी ठेवू नका, असं मी सांगेन. डेस्कटॉप मात्र विकू नका.

आमची साइट छोटी होती. केळीचे रोजचे भाव, आणि माल कापायला कुठली टोळी मोकळी आहे त्याची यादी. माळ्यावर जुना पीसी, त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि साइट लोकांपर्यंत पोचवणारा एनजिनएक्स हा प्रोग्राम. वडिलांनी पहिल्यांदा बागेत उभं राहून मोबाइलवर ती उघडली आणि मला फोन केला, "दिसतेय रे!" तो दिवस मी विसरलेलो नाही. शिकायचं असेल तर घरच्या सर्व्हरइतका चांगला मास्तर नाही.

आधी राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने तुमच्या राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे एकच बाहेरचा पत्ता कंपनीने कितीतरी घरांना वाटून दिलाय, आणि बाहेरून आलेल्या माणसाला तुमचं घर सापडत नाही. मग पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेला माणूस राउटरमधून पीसीकडे वळवायची सेटिंग) कितीही करा, उपयोग नाही. जास्तीचे पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा न बदलणारा पत्ता, घ्यावा लागतो, नाहीतर टनेल, म्हणजे बाहेरच्या एखाद्या सर्व्हरमार्गे घरापर्यंत येणारी वाट, लावावा लागतो. मी या एका गोष्टीत आठवडा घालवला.

विजेचा हिशोबही मांडा. साठ वॅट ओढणारा पीसी रात्रंदिवस चालला तर रोजचे १.४४ युनिट, महिन्याचे साधारण ४३. घरचा वापर आधीच शंभर युनिटच्या वर जात असेल तर हे सगळे युनिट वरच्या दराने लागतात. तेवढ्यात साधं होस्टिंग येऊन जातं.

पण माझा निर्णय पैशांवरून झाला नाही. एका मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे वादळ झालं. पंधरा-वीस मिनिटांत बागा आडव्या झाल्या, निसवलेले घड मातीत. लाइट गेली ती तिसऱ्या दिवशी आली. इन्व्हर्टर चार तास पुरला. पडलेला माल कोण उचलतंय, काय भावाने, पंचनाम्याला कुठले कागद लागतील, हे लोकांना नेमकं त्याच दोन दिवसांत हवं होतं आणि आमची साइट बंद. लाइट आल्यावर पीसी सुरू केला तर काळ्या स्क्रीनवर नुसतं 'इनिट्रॅमएफएस', पुढे लुकलुकणारा कर्सर; म्हणजे सिस्टिम डिस्कवरून सुरूच होत नव्हती. डिस्क दुरुस्त केली तरी भावांचा डेटाबेस अर्धा गेला होता. बॅकअप होता, पण त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर. ती चूक माझी, आणि तिची खंत अजून आहे.

अवकाळी आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन तुमच्याकडेही आहेच. डेटा सेंटरमध्ये जनरेटर, दोन-तीन बाजूंनी येणारं इंटरनेट आणि थंडावा असतो. होस्टिंगवाल्याला आपण पैसे त्याचे देतो. शिवाय घरचं एसएसएच (दुरून कॉम्प्युटरमध्ये शिरून तो चालवायची सोय) बाहेर उघडलं की लॉग, म्हणजे त्याच्या नोंदी, बघा. काही तासांतच 'रूट', 'अॅडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात. पासवर्ड बंद करून त्याऐवजी 'की' (किल्लीसारखी चालणारी फाइल) वापरली, अपडेट वेळेवर केले तर निभावतं. पण खरिपाच्या तोंडावर दुकानात गर्दी असताना ते करणार कोण?

तुमच्यासाठी शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट्स एकाच सर्व्हरवर आणि देखभाल कंपनीकडे, पुरे. व्हीपीएस, म्हणजे सर्व्हरचा स्वतंत्र वाटा, घेतला तर अपडेटची कटकट पुन्हा तुमच्याच गळ्यात. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. एसएसएच देणारा प्लॅन निवडा, बॅकअप घरी ओढायला सोपं जातं.

आणि डोमेन, म्हणजे साइटचं नाव, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर घ्या. याबाबत मी हात जोडून सांगतो. माझ्या मावसभावाचं जळगावात दागिन्यांचं दुकान आहे. साइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं, पुढे पैशांवरून बिनसलं आणि दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं ते नाव कायमचं गेलं. होस्टिंग एका दिवसात बदलता येतं, पण गेलेलं नाव परत मिळवणं फार जड जातं.

माझा तो पीसी अजून माळ्यावर आहे. रात्री दोनला तो होस्टिंगवरून फाइली आणि डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण नक्कल, खाली ओढतो. लाइट नसली तर त्या रात्रीचा हुकतो, दुसऱ्या रात्री येतो. महिन्यातून एकदा तोच डंप तिथे उघडून साइट पूर्ण उभी राहते का, हे बघतो. तुमच्या डेस्कटॉपलाही हेच काम द्या. स्क्रिप्ट हवी असेल तर खाली लिहा, देतो.