भीमाची थाळी, भीमाचा हातोडा

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. शाळेत थाळीफेक करते, आता हातोडाफेकही शिकायची म्हणते. घरात सगळे म्हणतात, दोन डगरींवर पाय नको. सासरे मात्र सांगतात, टीव्हीवरच्या ‘महाभारता’तला भीम दोन्ही फेकायचा. खरं आहे का?
– एक आई, बार्शी

उत्तर : ताई, अगदी खरं आहे. सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

प्रवीण कुमार सोबती. पंजाबातल्या सरहालीचे, नोकरी सीमा सुरक्षा दलात. 1966 साली किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीत रौप्य मिळवलं, तेव्हा वयाची एकोणीसही पूर्ण नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत थाळीफेकीत सुवर्ण आणि हातोड्यात कांस्य! 1970 ला पुन्हा थाळीचं सुवर्ण, 1974 ला तेहरानला रौप्य. मेक्सिको आणि म्युनिक, दोन ऑलिंपिकही खेळले. अभिनय त्यानंतरचा.

1988 मध्ये रविवारी सकाळी आमचा अख्खा वाडा एका टीव्हीपुढे बसायचा. सगळ्यांची नजर गदेवर, माझी त्यांच्या पायांवर. मी तेव्हा जिल्ह्याला थाळी फेकायचे. एवढा धिप्पाड माणूस अडीच मीटरच्या वर्तुळात कसा गिरकी घेत असेल, हेच डोक्यात घोळायचं. फेब्रुवारी 2022 मध्ये ते गेले. मी वाचलेल्या बातमीत भीम मथळ्यात होता आणि पदकं पार शेवटच्या ओळीत. मला ते फार लागलं.

आता मुलीचं. शिकू द्या तिला. दोन्हींत ताकद पायांतून आणि कमरेतून येते, हात नुसता लांब सोडायचा. थाळीत साधारण दीड गिरकी, हातोड्यात तीन किंवा चार. थाळी बोटांच्या शेवटच्या पेरांवर टेकलेली असते आणि सुटताना तर्जनीवरून निसटते. मुठीत धरली की गेलीच फुकट. हातोडा म्हणजे तारेच्या टोकाला लोखंडी गोळा, पुरुषांचा 7.26 किलोचा. तो फिरायला लागला की तुम्हालाच ओढतो. त्या ओढीला घाबरून मुली हात आखडतात, तिथेच तोल जातो. डावा पाय टाच-चवडा, टाच-चवडा असा फिरला पाहिजे. पहिले दोन महिने गोळा नकोच, रिकाम्या हाताने नुसतं फिरायला लावा. चक्कर येईल, ती आठवडाभरात जाते.

जाळी नसलेल्या मैदानावर मात्र हातोडा अजिबात फेकू देऊ नका, सर कितीही म्हणाले तरी. आमच्या मैदानावर एकदा तार तुटून गोळा कुंपणापलीकडे गेला होता. तिथे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. दर वेळी फेकण्याआधी तारेची दोन्ही टोकं तिने स्वतः हाताने चाचपून बघायची.

आणि चामडी हातमोजा घ्या. ती उजव्या हाताने फेकणारी असेल तर डाव्या हाताचा.