आधी हिशेब, मग माफी

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग काकूलाही वाचून दाखवलं. सोयाबीनचा अख्खा हंगाम तू थ्रेशरवर कुटार अंगावर झेलत काढलास आणि वसुलीचे पैसे घेऊन भागीदार पुण्याला निघून गेला. वरून जो तो तुला सांगतो, जाऊ दे, मोठ्या मनानं माफ कर. आणि तू मला विचारतोस, ‘काका, माफ करतो म्हणतो, पण रात्री डोळा लागत नाही. माझ्यातच काही खोट आहे का?’

खोट काही नाही रे. लोकांना घाई झाली आहे, एवढंच.

१५ ऑगस्ट २००७ ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा आपल्या गावच्या समितीवर मलाही घेतलं होतं. बरीच वर्षं त्या सतरंजीवर बसलो. धुऱ्याची म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, पांदणीची भांडणं, भावाभावांच्या वाटण्या. सुरुवातीला आम्हाला वाटायचं, दोघांना समोरासमोर बसवलं, हात मिळवायला लावले, चहा पाजला की मिटलं. पेरणीचे दिवस आले की तेच दोघं पुन्हा धुऱ्यावर उभे, तोंडात त्याच शिव्या. जे तंटे खरंच मिटले त्यांत आधी मोजणी झाली होती, दगड रोवले गेले होते, कोणी कोणाच्या वावरातले किती तास, म्हणजे नांगराच्या ओळी, कोरले ते चारचौघांत बोललं गेलं होतं. एका म्हाताऱ्याला तर जमीन परत नकोच होती. ‘यानं माहे चार तास दाबले, एवढं यानं आपल्या तोंडानं म्हणावं,’ बस. समोरचा बराच वेळ खाली पाहत राहिला आणि मग म्हणाला, ‘दाबले, बुवा.’ म्हाताऱ्यानं कमरेची चंची सोडली आणि तंबाखू त्याच्यापुढे केला. माफीबद्दल मला जे कळलं ते तिथं कळलं.

तेव्हा तू आधी हिशेब मांड. वही घे. किती एकर काढले, दर काय लावला, कोणाकडून पैसे आले, कोणाकडे बाकी आहे, तुझा वाटा किती. पैशाखेरीज जे गेलं तेही लिही. शाळेपासूनची दोस्ती गेली, ती काही कमी नाही. हे लिहिताना राग येईल, येऊ दे. तक्रार द्यावीशी वाटली तर दे. माफ करणाऱ्यानं आपले पैसे मागू नयेत, असं कोणी सांगितलं? आपलं मागणं निराळं आणि त्याचं वाटोळं व्हावं म्हणून रोज रात्री जागणं निराळं. त्या जागण्यातून तुला सोडवायचं आहे. विसरायला मी सांगत नाही, ते कोणाच्या हातात नसतं.

आणि उद्या तो दारात येऊन रडला, तू त्याला मनापासून माफ केलंस, तरी पुन्हा त्याच्यासोबत धंदा कर असं मी म्हणणार नाही. ढवळ्या आठवतो तुला? त्याला खांदेसूज आली होती. दीड महिना आम्ही त्याच्या मानेवर जू ठेवलं नाही. गरम पाण्यानं शेकायचं, हळद लावायची, माशा बसू द्यायच्या नाहीत. जखम भरली, वर जाड कातडं आलं, बैल पुन्हा कामाला लागला. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदे शेकताना, लोणी-हळद लावून पळसाच्या पानानं चोळताना, बोट त्या जागेवर गेलं की तो अंग थरकवायचा. शेवटपर्यंत. तो काही आमच्यावर डूख धरून नव्हता. हातातली ढेप तेवढ्याच मायेनं खायचा. तुझंही तसं झालं, दोस्ताचं नाव निघालं की छातीत कळ आली, तर आपण माफ केलंच नाही असं समजू नकोस.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. ‘आईची पोत गहाण ठेवली आणि तिला उजळायला टाकली म्हणून सांगितलं.’ चार पानं तू दोस्तावर लिहिलीस आणि हे एका ओळीत. मला वाटतं, झोप उडवणारी ओळ हीच आहे.

मी तुला एक सांगतो, जे फारसं कोणाला सांगितलेलं नाही. २०१७ चा पावसाळा. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, उकाडा मरणाचा, आणि अळी काही आटोक्यात येईना. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. त्याच दिवसांत मी माझ्या सालदाराला भर दुपारी पंप देऊन वावरात पाठवलं होतं. दोन औषधं मीच एकत्र कालवून दिली. हातमोजे नाहीत, तोंडाला फक्त दुपट्टा. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांना दिसेनासं झालं. नऊ दिवस तो दवाखान्यात होता. वाचला, नजरही आली. पण मी पुढची दोन वर्षं त्याच्या बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवू शकलो नाही. खर्च दिला, सालाचे पैसे पुरे दिले, पण ‘चूक माझी होती’ हे शब्द काही तोंडातून निघत नव्हते. एका पाडव्याला साल ठरवायला तो आला, तेव्हा निघाले. तो म्हणाला, ‘मी तं नवव्या दिवशी घरी आलो, भाऊ. तुमी आजून दवाखान्यातच बसून हाय.’

त्या दिवसापासून मी ओझं उतरवायला शिकतो आहे. फवारणी सकाळीच, वारा पाहून, तोंड-हात झाकून, आणि औषधं कालवायची नाहीत. हे मी घरोघरी सांगत फिरतो. झालेलं बदलत नाही, पण हात कामाला लागले की मन स्वतःला कमी चाबकारतं.

तुझी चूक त्यामानानं लहान आहे. दोस्तावर विश्वास टाकलास ही तर चूकच नाही. लेखी केलं नाहीस, ही आहे. आईशी खोटं बोललास, ही आहे. पहिली पुढच्या हंगामात सुधारेल. दुसरीला हंगामाची वाट पाहू नकोस.

तिला सांग. समोर बसवून नको, ती भाकरी थापत असताना सांग. चुलीकडे तोंड असलं की आईला ऐकणं सोपं जातं. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तेवढे दिवस घरातच राहा, बाहेर पळू नकोस.

मग खांदशेकणीला इकडे ये. वही आण, थ्रेशरच्या पावत्या असतील त्या आण. पोत सोडवायला व्याजासकट किती लागतात, तेही सोनाराला विचारून ये.

तुझा,
काका