यकृतपेशींच्या मॉडेलमध्ये एंडोसायटोसिससाठी एकच स्थिरांक पुरेल का?

तुम्ही विचारलंय की हेपॅटोसाइटमधल्या (यकृतपेशीतल्या) ईजीएफ (पेशींना वाढीचा संकेत देणारं प्रथिन) सिग्नलिंगच्या मॉडेलमध्ये एंडोसायटोसिस (पेशीनं पृष्ठभागावरच्या गोष्टी आत ओढून घेणं) म्हणजे नुसतं ऱ्हासाचं एक पद धरलं तर चालेल का, आणि ओडीई (फक्त काळानुसार होणारा बदल मांडणारी समीकरणं) पुरतील की पीडीई (जागेनुसार होणारा बदलही मांडणारी) लागतील. पहिल्या प्रश्नावरून मी एकदा भर बैठकीत भांडलोय, म्हणून लिहितो. नाही चालत.

माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये मी तेच केलं होतं. रिसेप्टर (ईजीएफला पकडणारं पृष्ठभागावरचं प्रथिन) आत गेला की सिग्नल संपला. मोजमाप एकच होतं: ईजीएफ दिल्यानंतर अर्ध्या तासात फॉस्फोरिलेटेड (फॉस्फेट चिकटलेला, म्हणजे चालू) रिसेप्टर किती उरतो. वक्र सगळ्या बिंदूंवरून इतका छान गेला की सर म्हणाले, पेपर लिहायला घ्या. त्या रात्री सहज आत जाण्याचा दर निम्मा केला आणि जेवढा कमी केला तेवढाच फॉस्फटेजचा (ते फॉस्फेट काढणाऱ्या विकराचा) दर वाढवला. वक्र जागचा हलला नाही. हलणार कसा? घट त्या दोन दरांच्या बेरजेवरच ठरत होती. म्हणजे पेशी रिसेप्टर गिळते म्हणून सिग्नल विझतो, की फॉस्फटेज तो पुसतं, हे माझ्या विदेला सांगताच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे दाखवलं तर सर म्हणाले, "फिट तेच आहे ना? मग बिघडलं कुठं?"

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. बर्जेरॉन आणि पोस्नर यांच्या गटानं १९९४ मध्येच उंदरांच्या यकृतातून एंडोसोम (आत ओढलेला माल ठेवणाऱ्या पेशीतल्या पिशव्या) वेगळे करून दाखवलं होतं की आत गेलेला रिसेप्टर फॉस्फोरिलेटेडच असतो आणि सिग्नल पुढे नेणारी शक (Shc) आणि ग्रब२ (Grb2) ही प्रथिनं त्याच्याभोवती जमतात. मी शेवटी पृष्ठभाग आणि एंडोसोम वेगवेगळे मोजले. दोन वक्र मिळाले आणि दोन्ही दर सुटे झाले. आत गेलेला रिसेप्टर बराच वेळ चालूच होता.

पुढे २०१५ मध्ये ड्रेस्डेनच्या झेरियाल गटाला आढळलं की फॉस्फोरिलेटेड रिसेप्टर एंडोसोममध्ये जवळपास ठरावीक मापाच्या गठ्ठ्यांनी भरला जातो. ईजीएफचा डोस वाढला की गठ्ठा नाही, एंडोसोमांची संख्या वाढते. एका स्थिरांकात हे कुठं बसवणार?

पीडीईच्या नादी आताच लागू नका. तीन कप्प्यांच्या ओडीईपासून सुरुवात करा: पृष्ठभाग, सुरुवातीचा एंडोसोम, उशिराचा एंडोसोम. गाईड "वक्र जुळतोय" म्हणाले तर प्रत्येक दराचं प्रोफाइल लाइकलिहूड (तो दर बदलत नेऊन बाकीचे पुन्हा जुळवले तर फिट किती बिघडतं याचा आलेख) काढून त्यांच्यापुढे ठेवा. सपाट रेषा दिसली की तो दर ठरलेलाच नाही, मग फिट कितीही देखणं असो.

हो, एक राहिलं. तुम्हाला फक्त यकृत रक्तातून किती इन्सुलिन काढून घेतं एवढंच हवं असेल, तर एक पद खुशाल वापरा. आणि पित्तनलिकेकडची वाहतूक धरायची असेल तर माझे तीन कप्पे अपुरे आहेत. त्यासाठी कोलॅजेनच्या दोन थरांमध्ये वाढवलेल्या पेशी घ्या, एकाच थरावर त्यांची ध्रुवता (रक्ताकडची आणि पित्ताकडची बाजू वेगळी असणं) काही दिवसांत जाते.