मालक, तो जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. टॉवेलच्या मालाचे सव्वातीन लाख अडकलेत, ऑर्डर सगळी व्हॉट्सॲपवर, माल पोचल्याची सही घेतलेलं चलन नाही. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "फोन हँग होतोय, दिवाळीत बदलतोय, चॅटच्या प्रिंट काढून ठेवल्यात, तेवढ्या पुरतील ना?" त्या एका ओळीपायी हे लिहायला बसलो. मी वकील नाही, सोलापूरला अक्कलकोट रोडला माग चालवतो. कोर्टाची पायरी एकदाच चढलोय.

बिलं, खतावणी, दाव्याची तीन वर्षांची मुदत, हे तुमचे वकील बघतीलच. माझं काय झालं तेवढं ऐका.

चादरीच्या उधारीसाठी २०१९ ला दावा लावला. पार्टीचा मेसेज होता, "माल मिळाला, पुढच्या महिन्यात बघतो." शिवाय त्याच्याच आवाजातला व्हॉइस मेसेज. म्हटलं, आता कुठं जातोय! स्क्रीनशॉट काढून पुतण्याला पाठवले, त्यानं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणल्या. मग नवा फोन घेताना जुना दुकानदाराला देऊन टाकला. त्यानं अठराशे रुपये कमी केले, घरात कौतुकही झालं.

उलटतपासात समोरच्या वकिलांनी आवाजसुद्धा चढवला नाही. मेसेज आले तो फोन कुठंय? दिला. स्क्रीनशॉट कुणाच्या फोनमधून प्रिंटला गेले? पुतण्याच्या. प्रिंट कुठल्या कॉम्प्युटरवरनं? झेरॉक्सवाल्याच्या. मग प्रिंट कुठल्या फोनमधून, कशी काढली हे लिहून दिलेल्या प्रमाणपत्रात फोन कुठला लिहिलाय? नवा! त्या नव्या फोनमध्ये जुनं चॅट आलेलंच नव्हतं. व्हॉइस मेसेज तर फोनबरोबरच गेला. शेवटी निम्म्याहून कमी रकमेवर तडजोड केली.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? सुप्रीम कोर्टानं १४ जुलै २०२० ला खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकालात, म्हणजे आपल्या जालन्याच्याच निवडणुकीच्या भांडणात, सांगितलं की प्रिंट किंवा सीडी दिली तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं हेच प्रमाणपत्र पाहिजेच. पण मूळ फोनच हजर केला, आणि हा माझा, मीच वापरतो असं मालकानं साक्षीत सांगितलं, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणजे तो हँग होणारा डबा कपाटात असता तर निम्मं भांडण तिथंच मिटलं असतं. अठराशे रुपये!

त्याच निकालाची दुसरी बाजू मला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात भोवली. माल उचलल्याचं त्यांच्या कॅमेऱ्यात होतं. तीन चकरा मारल्या. "साहेब नाहीत", "पत्र आणा", "उद्या या". पत्र घेऊन गेलो तोवर जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढलं होतं. जालन्याच्या त्या प्रकरणात अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलंच नव्हतं, पण मागितल्याचं सगळं कागदावर होतं, म्हणून ते निभावलं. माझ्याकडं नुसत्या चकरा. तोंडी विनंती म्हणजे वारा, ओ. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही दिलं तर वकिलांना कोर्टातून मागवायला सांगा.

आमचा दावा जुन्या कायद्यातला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, तुम्हाला त्याचं कलम ६३ लागेल. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे त्या फाइलचा अंगठाच समजा. आत एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते. आता गंमत बघा, फोनमधला व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की तो दाबून लहान होतो, झाली हॅश वेगळी. म्हणून भाच्याला, मेव्हण्याला पाठवत बसू नका. तज्ज्ञ नेमका कोण, हे त्या कलमात उलगडून सांगितलेलं नाही, ते वकिलांनाच विचारा. "नमुना माझ्याकडं तयार आहे, नाव टाकून देतो" म्हणणाऱ्या टायपिंगवाल्याच्या मात्र नादी लागू नका, हे माझं वैयक्तिक मत.

आजच्या आज करायचं म्हणजे, त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप गायब व्हायची सेटिंग चालू असेल तर बंद करा. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, व्हॉइस मेसेजसकट. फोनचं बिल शोधा, आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. नवा फोन घ्या की खुशाल, पण जुना रिसेट न करता बाजूला ठेवायचा. माझा आत्ताचा जुना फोन खतावणीच्या कपाटात आहे, आणि दर महिन्याला अर्धा चार्ज करतो. पूर्ण रिकामा पडून राहिला की बॅटरी जाते, हे दुरुस्तीवाल्यानं सांगितलंय.