वाचकांचे प्रश्न : टायर कधी बदलायचे?

प्रश्न : गाडी 2018ची, पण चालली आहे जेमतेम 22 हजार किलोमीटर. टायरच्या खाचा अजून चांगल्या खोल आहेत. तरी टायरवाला म्हणतो, चारही बदला. मे महिन्यात सगळ्यांनी पुण्याला जायचं ठरलंय. खरंच गरज आहे, की तो नुसता माल खपवतोय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बदला. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजायच्या आधी जुने होतात, आणि ते खाचांवरून कळत नाही.

टायरच्या बाजूवर 'डीओटी'ने सुरू होणारी ओळ असते. तिच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे सापडतील. 3418 म्हणजे 2018चा 34वा आठवडा. पूर्ण आकडे बरेचदा एकाच बाजूला असतात, तेव्हा बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा. पाच वर्षं वापरलेला टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी, दिसायला कितीही चांगला असो, काढून टाकावा, असं टायर बनवणारे सांगतात. काही कार कंपन्या तर सहा वर्षांतच बदलायला सांगतात.

रबरात एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो, सुटतो, तसं ते पृष्ठभागावर येतं आणि हवेतल्या ओझोनपासून रबराला राखतं. उभ्या गाडीत ते पुरेसं वर येत नाही, आणि वरून माळव्याचं ऊन. रबर कडक होतं, चिरतं. बॅटरीच्या उजेडात टायरची बाजू आणि खाचांचा तळ नीट पाहा. बाजूवर केसासारख्या वरवरच्या रेषा असतील तर गावातल्या गावात लक्ष ठेवून चालवता येईल. पण नख अडकेल अशी चीर असली, किंवा खाचेच्या तळाशी चिरा असल्या, तर तो टायर लांब नेऊ नका. भरलेली गाडी, भर दुपार आणि हवा थोडी कमी, एवढं जुळून आलं की टायर तापतो आणि जुन्या रबराचा वरचा थर सुटून येऊ शकतो. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटात ही वेळ यायला नको.

नवे घेताना हेच चार आकडे दुकानात बसवण्याआधी वाचा. मापही पूर्ण जुळवा: 185/65 आर15 88एच असेल तर 88 हा वजनाचा आकडा त्याहून कमी चालणार नाही. स्टेपनीही 2018चीच असणार. ती न वापरलेली म्हणून चार चाकांत लावू नका.

प्रश्न : रोज महूला जाणं-येणं. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने गोटा झालेत, बाहेरून मात्र खाचा दिसतात. दोनच नवे घेतले तर पुढे लावायचे ना?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नवे मागे लावा आणि मागचे चांगले असतील तर पुढे आणा. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी हेच. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि तिला सावरणं कुणाही सामान्य चालकाला अवघड.

टायर मोजायचा तो सगळ्यात झिजलेल्या जागी. स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या टायरची आतली कड उघडी पडते. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बाद, कायद्यानेही. पावसासाठी मात्र 3 मिलिमीटरलाच बदललेला बरा, कारण त्याखाली खाचा पाणी पुरेसं बाहेर काढू शकत नाहीत.

आतली कड झिजली म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलं आहे. ते करून घेण्याआधी सस्पेन्शनचे बुश (रबरी बैठका) आणि बॉल जॉइंट (फिरते सांधे) तपासून घ्या. ते ढिले असतील तर अलाइनमेंट टिकणार नाही आणि नवे टायरही असेच जातील. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर जास्त. हवा सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याइतकी ठेवा. तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढू नका.

प्रश्न : खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. पॅच लावून चालेल?
— एक वाचक, राऊ

उत्तर : नाही. आतले दोरे तुटलेत; तिथे हवेला आता फक्त रबर अडवून आहे. पॅच जमिनीवर टेकणाऱ्या भागातल्या, साधारण 6 मिलिमीटरपर्यंतच्या भोकालाच. आजच स्टेपनी लावा. ती बारकी असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी 80, पाळा. नवा टायर बसवण्याआधी रिमची कड फिरवून बघायला सांगा. वाकली असेल तर हवा तिथून निसटत राहील. बसवल्यावर कडेला साबणाचं पाणी लावलं की बुडबुड्यांवरून लगेच कळतं.