‘खाडी’ला इंग्रजीत नेमका एकच शब्द कोणता?

दाभोळजवळ होमस्टे सुरू करताय, खाडीच्या पायऱ्यांपाशी परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी पाटी लावायची आहे आणि भाषांतराच्या ॲपने बे, गल्फ, क्रीक असे शब्द पुढ्यात टाकलेत, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या जागेसाठी माझं उत्तर एस्चुअरी.

बे आणि गल्फ आधी काढून टाका. ते बहुधा हिंदीच्या वाटेने आलेत. हिंदीत बंगालच्या उपसागराला ‘बंगाल की खाडी’ म्हणतात, आणि रत्नागिरीची माणसं आखातात नोकरीला गेली की हिंदीत ती ‘खाडी देशां’त गेलेली असतात. मराठीने उपसागर, आखात आणि खाडी पूर्वीपासून वेगवेगळी ठेवली आहेत.

क्रीक मात्र चुकीचा नाही. ब्रिटिश इंग्रजीत भरतीचं पाणी जमिनीत शिरतं त्या चिंचोळ्या फाट्याला क्रीकच म्हणतात, आपल्या नकाशांवरही तोच रुळला. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली ती ठाणे क्रीक म्हणूनच. तिथे तो शोभतो, कारण त्या खाडीत मोठी नदी येऊन मिळत नाही. अडचण अशी की अमेरिकन माणसाला क्रीक म्हणजे ओढा. गुडघाभर पाणी असेल असं समजून तो भरतीच्या वेळी तुमच्या पायऱ्यांवरून खाली उतरला तर? मला ही काळजी खरी वाटते.

आता तुमची वाशिष्ठी बघा. सह्याद्रीतून उतरते, दाभोळला समुद्राला मिळते. भरतीचं पाणी पार चिपळूणच्या गोवळकोटापर्यंत चढतं, म्हणून तर एके काळी गलबतं तिथवर जायची. गोडं आणि खारं मिसळून पाणी मचूळ होतं, काठाला कांदळवन वाढतं, चिखलात खेकडे, खडकांना कालवं. नदीचं मुख, आत शिरणारी भरती आणि हे मिसळलेलं पाणी, एवढं सगळं एस्चुअरी या एका शब्दात येतं. मचूळसाठी ब्रॅकिश आहे, तोही पाटीवर वापरा.

एक शब्द मात्र कृपा करून टाळा: बॅकवॉटर. पर्यटनाच्या जाहिरातींत तो सर्रास दिसतो, तारकर्लीलाही. केरळातलं बॅकवॉटर बहुतांशी किनाऱ्याला समांतर, वाळूच्या पट्ट्यामागे साचलेलं पाणी आहे. तुमची खाडी सरळ पूर्वेला आत जाते. शिवाय पुण्या-साताऱ्याचा पाहुणा बॅकवॉटर म्हटलं की कोयनेसारख्या धरणामागचा फुगवटा समजतो.

पत्त्यात आणि नकाशावर ‘दाभोळ क्रीक’ तसंच राहू द्या, ते विशेषनाम झालंय. पाटीवर एस्चुअरी लिहा आणि खाली त्या दिवसाच्या भरतीची वेळ खडूने लिहायला जागा सोडा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे रंगाने कायमची लिहू नका.